आजींनी इन्सुलिन घेतलेच नव्हते: स्राव आणि उत्सर्जन यांच्यामध्ये अडकलेले एक प्रकरण

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास मध्य मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ७१ वर्षांच्या एका आजींना टॅक्सीतून आणण्यात आले. मुलगा, सून आणि शेजारच्या खोलीतील एक तरुण बरोबर होते. आजींचे डोळे उघडे होते, परंतु बोलण्याला अर्थ नव्हता. उजवा हात उचलून धरला की लगेच खाली पडत होता आणि तोंड किंचित डावीकडे ओढल्यासारखे दिसत होते. केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘पक्षाघात?’ असे लिहिले गेले. जुलैतल्या मुंबईत शुद्ध हरपलेला रुग्ण आला की मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन शंका आपोआप पुढे येतात. त्याही लिहिल्या गेल्या. डोक्याच्या सीटी स्कॅनचा कागद तयार होऊ लागला.

तेवढ्यात सुनेने एक वाक्य सांगितले. “आईंना दरदरून घाम फुटला होता, पदर पिळून काढावा इतका, आणि अंग मात्र गार होतं.” हे वाक्य ऐकताच ड्यूटीवरच्या सिस्टरांनी कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता आजींच्या बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर रक्तातील साखर पाहिली. ती डेसिलिटरला ३१ मिलिग्रॅम होती. शिरेतून २५ टक्के डेक्सट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, देण्यात आले. दहा मिनिटांत आजींनी मुलाला ओळखले, उजवा हात स्वतःहून डोक्याकडे नेऊन पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला, “नैवेद्य दाखवला का?” पक्षाघात नव्हता. साखर फार खाली गेली की मेंदूच्या एखाद्या भागाचे काम असे एका बाजूने थांबू शकते आणि साखर वर आली की ते पुन्हा सुरू होते; म्हणूनच कोणत्याही लुळ्या पडलेल्या हाताला स्कॅनच्या आधी सुईचा एक टोचा मिळायला हवा.

येथपर्यंतची हकिकत कोणत्याही मोठ्या रुग्णालयात नेहमी घडणारी आहे. ती लिहून काढावी असे मला वाटले ते पुढच्या तीन दिवसांमुळे. या रुग्णाच्या बाबतीत जे बिघडले होते ते सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: शरीर एखादा पदार्थ सोडते तेव्हा तो कोण सोडते, कशात सोडते आणि कशासाठी सोडते? घरच्यांनी, आमच्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी आणि काही वेळ मीदेखील या तिन्ही गोष्टींना ‘बाहेर पडणे’ हा एकच शब्द वापरला, आणि त्या शब्दाने आम्हाला जवळजवळ चुकीच्या माणसापर्यंत नेले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वैद्यकीयदृष्ट्या गौण असलेले काही तपशील येथे बदलले आहेत.

पूर्वेतिहास

आजींना चौदा वर्षांपासून मधुमेह होता. ग्लायबेनक्लामाइड ५ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम यांची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. रक्तदाबासाठी अटेनोलॉल ५० मिलिग्रॅम रोज एकदा. मूत्रपिंडाची शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची होती; त्यात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातील टाकाऊ पदार्थ, १.३ होते आणि त्या कागदावर कुणीतरी पेनाने ‘ठीक’ असे लिहिलेले होते. पाच दिवसांपूर्वी लघवीला जळजळ सुरू झाली म्हणून घराजवळच्या एका डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिले होते. एकादशीला आजी दुपारी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात दर्शनाच्या रांगेत तीन तास उभ्या होत्या. दिवसभरात दोन वेळा बिनसाखरेचा चहा आणि रात्री दोन घास भगर, एवढेच पोटात गेले होते. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. या आजींच्या बाबतीत ती खरी असती तर बरे झाले असते. गोळ्या मात्र दोन्ही वेळा न चुकता घेतल्या गेल्या. पहाटे तीनला त्यांनी सुनेला उठवून “पोटात कालवतंय” असे सांगितले होते आणि उपवासाने होत असेल म्हणून त्या पाणी पिऊन पुन्हा आडव्या झाल्या होत्या.

घाम आधी का बोलला

सुनेने सांगितलेल्या घामाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण निदानाची पहिली खूण तोच होता. मराठी बोलीत शरीरातून निघणाऱ्या प्रत्येक पदार्थाला वेगळे क्रियापद आहे. घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते, नाक गळते, कान वाहतो, जखमेतून पू येतो, आईला पान्हा फुटतो, आणि स्त्रिया संकोचाने ‘अंगावरून पांढरं जातं’ असे म्हणतात. पाठ्यपुस्तकात या सर्वांना ‘स्राव’ हे एकच नाव देऊन आपण मोकळे होतो, परंतु बोलीची क्रियापदे बरेच काही सांगून जातात. फुटणे आणि सुटणे ही क्रियापदे बहुधा तिथे येतात जिथे एखाद्या चेतातंतूने किंवा संप्रेरकाने ग्रंथीला आज्ञा दिलेली असते. गळणे आणि वाहणे यांत ती आज्ञा दिसत नाही. तिथे वस्तू आवरेनाशी झालेली असते. रुग्णाने वापरलेले क्रियापद केसपेपरवर जसेच्या तसे लिहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते, ते याच कारणाने.

रक्तातील साखर साधारण ७० च्या खाली उतरू लागली की शरीर तिला वर ओढण्यासाठी एकामागून एक संप्रेरके सोडते. स्वादुपिंडातील आल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, आणि घट लांबली तर कॉर्टिसोल व वाढीचे संप्रेरकही मदतीला येतात. छातीत धडधड आणि हाताला कंप ही प्रामुख्याने अॅड्रेनालिनची कामे आहेत. आजी अटेनोलॉल घेत होत्या आणि हे औषध नेमके तेच संदेश अडवते. त्यामुळे धडधड किंवा थरथर यांपैकी काहीही त्यांना जाणवले नाही. घामाचे तसे नाही. त्वचेतील वीस ते चाळीस लाख स्वेदग्रंथींना घाम सोडण्याचा आदेश देणारे चेतातंतू अनुकंपी चेतासंस्थेचेच असले तरी ते अॅसिटिलकोलीन हा वेगळा रासायनिक दूत वापरतात आणि अटेनोलॉल त्याला हात लावत नाही. धोक्याच्या इतर सगळ्या घंटा बंद असताना एकटा घाम वाजत राहिला.

इन्सुलिन कुठून आले?

सकाळी साडेआठला मुलाने ‘डिस्चार्ज कधी?’ असे विचारले. हा शब्द आमच्या वॉर्डात रोज गोंधळ घालतो. नातेवाइकांच्या लेखी डिस्चार्ज म्हणजे घरी जाणे. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तो जखमेतून येणारा द्राव असतो. स्त्रीरोग विभागात आणखी तिसरे काही. मी त्यांना इतकेच सांगितले की आज घरी सोडता येणार नाही, कारण साखर का उतरली हे अजून कळलेले नाही. पावणेनऊला ती पुन्हा ४४ वर आली. डेक्सट्रोजचे सलाईन चालू असतानाही ती उतरली, ही गोष्ट महत्त्वाची होती. नुसत्या उपवासाने उतरलेली साखर २५ ग्रॅम ग्लुकोजनंतर अशी पुन्हा कोसळत नाही. रक्तात कुठेतरी इन्सुलिन शिल्लक होते आणि त्यात भर पडत होती.

त्या क्षणी, पुढचे डेक्सट्रोज देण्याआधी, आम्ही रक्ताचा एक नमुना घेऊन बर्फावर ठेवला. साखर खाली असतानाच घेतलेल्या अशा नमुन्याला पुढे सोन्याची किंमत येते. साखर वर आल्यावर घेतलेला नमुना या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. अॅलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये सांगितलेली तीन लक्षणे, म्हणजे साखर उतरल्याची लक्षणे, त्याच वेळी मोजलेली कमी साखर आणि साखर दिल्यावर लक्षणे नाहीशी होणे, येथे पूर्ण झाली होती. प्रश्न फक्त इन्सुलिनच्या उगमाचा राहिला होता.

येथे आमच्या एका तरुण डॉक्टरांनी व्हरांड्यात, सर्वांच्या देखत, विचारले की घरात इन्सुलिन कोण घेते. आजोबा घेत होते. बाटली फ्रिजमध्ये असे आणि रोज सकाळी सिरिंज भरून इंजेक्शन सून देत असे. प्रश्न चुकीचा नव्हता. घरातील एकाचे औषध दुसऱ्याला जाण्याच्या घटना घडतात आणि त्या विचाराव्याच लागतात. पण तो विचारण्याची जागा आणि पद्धत चुकली. मुलगा एकदम गप्प झाला. “आई इन्सुलिन घेतच नाहीत, मग त्यांच्या अंगात इन्सुलिन जास्त कसं होईल?” हे सुनेचे म्हणणे होते आणि ती ते रडत रडत पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या वाक्यात एक गृहीतक दडले होते, जे मधुमेही कुटुंबांत मी सर्रास ऐकते: इन्सुलिन म्हणजे बाटलीतले औषध. ते आपल्याच पोटातील एका अवयवाचा स्राव आहे, हे पहिल्यांदा ऐकून माणसे चकित होतात.

स्वादुपिंड हा अवयव स्रावाच्या दोन्ही प्रकारांचा एकत्र नमुना आहे. त्याचा बहुतेक भाग रोज सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करतो आणि नलिकेवाटे लहान आतड्यात ओततो; नलिकेने पृष्ठभागावर किंवा पोकळीत सोडल्या जाणाऱ्या या स्रावाला बहिःस्राव म्हणतात. लाळ, घाम, अश्रू आणि दूध याच वर्गातील आहेत. याच स्वादुपिंडात पाउल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेली पेशींची छोटी द्वीपके विखुरलेली असतात. ती स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. त्यांना नलिकाच नाही. त्या पेशी आपला पदार्थ सरळ रक्तात सोडतात, म्हणून तो अंतःस्राव. क्लोद बेर्नार यांनी १८५५ मध्ये ‘आतील स्राव’ ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर यकृतातून रक्तात उतरणारे ग्लुकोज होते. पुढे बेलिस आणि स्टार्लिंग यांना १९०२ मध्ये सिक्रेटिन सापडले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला, ज्याच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, उद्युक्त करणे असा आहे. मराठीतला ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द तोच अर्थ पकडतो आणि माझ्या मते तो आपल्या परिभाषेतील सर्वांत यशस्वी शब्दांपैकी एक आहे. आतल्या आत रक्तात सुटणाऱ्या या पदार्थासाठी बोलीत मात्र एकही क्रियापद नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला बोलीने नाव दिले नाही, आणि सुनेचा गोंधळ तिथेच होता.

आता या द्वीपकांतील बीटा पेशी इन्सुलिन कशी सोडते ते पाहू. रक्तातील ग्लुकोज पेशीत शिरते, तेथे जळते आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे रसायन, तयार होते. एटीपी वाढले की पेशीच्या पटलातील पोटॅशियमची दारे बंद होतात, पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि आत शिरलेले कॅल्शियम इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म कणिकांना पटलाला भिडवते. कणिका बाहेरच्या बाजूला उघडते आणि तिच्यातील माल रक्ताकडे जातो. ही घंटा वाजवण्याचा अधिकार एरवी ग्लुकोजचा आहे; ग्लुकोज कमी झाले की घंटा थांबते आणि इन्सुलिनही थांबते. ग्लायबेनक्लामाइड ज्या सल्फोनिलयुरिया गटातील आहे, ती औषधे पोटॅशियमच्या दारालाच चिकटून ते बंद करतात. म्हणजे ती घंटेची दोरी स्वतःच ओढून धरतात. पोटात अन्न आहे की एकादशी आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आणि अशा ताणलेल्या पेशीला शिरेतून ग्लुकोज दिले की ती आणखी इन्सुलिन सोडते. डेक्सट्रोज देणे अपरिहार्यच होते, पण प्रत्येक बाटलीबरोबर आगीत थोडे तेलही पडत होते.

बाटलीतले इन्सुलिन आणि स्वतःच्या शरीरातील इन्सुलिन रक्तात एकत्र आले तर ते ओळखायचे कसे? याचे उत्तर बीटा पेशीच्या पॅकिंगमध्ये आहे. डॉनल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी बनवते. कणिकेच्या आत तिचे तुकडे पडून ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन आणि ३१ अमिनो आम्लांचे सी-पेप्टाइड तयार होते, आणि दोन्ही समान संख्येने एकाच वेळी बाहेर पडतात. औषध म्हणून मिळणाऱ्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. तेव्हा इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल तर ते सुईतून आले. दोन्ही जास्त असतील तर ते स्वतःच्या स्वादुपिंडातून स्रवले.

आजींचा अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. साखर ४४ असताना इन्सुलिन २८ मायक्रोयुनिट आणि सी-पेप्टाइड मिलिलिटरला ७.२ नॅनोग्रॅम होते. साखर ५५ च्या खाली असताना सी-पेप्टाइड ०.६ च्या खाली दबलेले असायला हवे. एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे: सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून साफ होते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर ते वाढलेले दिसते. परंतु बाहेरून दिलेल्या इन्सुलिनने साखर पडली असती तर बीटा पेशी बंद पडल्या असत्या आणि मंद मूत्रपिंडही त्या आकड्याला इतके वर धरून ठेवू शकले नसते. सुई नव्हती. त्या संध्याकाळी मी मुलगा आणि सून दोघांनाही समोर बसवून अहवालातील दोन्ही ओळी मराठीत वाचून दाखवल्या. ज्या डॉक्टरांनी व्हरांड्यात प्रश्न विचारला होता त्यांनाही मी तिथेच बसायला सांगितले होते.

इन्सुलिन बनवणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, असती तरीही हेच आकडे आले असते. गोळी घेतल्याचा स्पष्ट इतिहास होता आणि गोळी बंद केल्यावर घट थांबली, म्हणून त्या दिशेने आम्ही पुढे तपास केला नाही.

चौदा वर्षे चाललेली गोळी आजच का बाधली?

स्राव कुठून झाला हे कळले, पण त्याने अर्धेच प्रकरण उलगडते. तीच गोळी, तोच डोस, चौदा वर्षे. उत्तर दुसऱ्या शब्दात होते: उत्सर्जनात.

स्राव हा पेशीने कामासाठी बनवून सोडलेला पदार्थ असतो. उत्सर्जन म्हणजे काम संपलेला किंवा नकोसा पदार्थ शरीराच्या आतून बाहेर काढून टाकणे. न पचलेले अन्न विष्ठेतून जाते ते काटेकोर अर्थाने उत्सर्जन नव्हे, कारण ते पेशींच्या आत कधी शिरलेच नव्हते; त्याच विष्ठेला रंग देणारे पित्तरंजक मात्र यकृताने उत्सर्जित केलेले असतात. पित्त तर एकाच द्रवात दोन्ही आहे, चरबी पचवणारे क्षार हा स्राव आणि बिलिरुबिन हे पित्तरंजक म्हणजे उत्सर्जन. ग्लायबेनक्लामाइडचे यकृतात रूपांतर होते, पण त्यातून तयार होणारे पदार्थ निष्क्रिय नसतात. त्यांच्यातही साखर उतरवण्याची शक्ती उरते, आणि ते साधारण निम्मे पित्तातून व निम्मे लघवीतून जातात. लघवीचा रस्ता अरुंद झाला की ते साचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी ग्लायबेनक्लामाइड योग्य नाही असे नोंदवले ते उगाच नाही. तरीही ही स्वस्त गोळी जुन्या चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षे पुढे चालत राहते.

दोन वर्षांपूर्वीच्या ‘ठीक’ क्रिएटिनिनकडे पुन्हा पाहू. तेव्हाचे वय ६९, वजन ५२ किलो, स्त्री आणि क्रिएटिनिन १.३ हे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घातले तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर येते. म्हणजे तेव्हाच ती एका निरोगी तरुणाच्या तृतीयांशाच्या आसपास होती. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अंगावर मांस कमी असलेल्या वृद्ध बाईच्या शरीरात ते कमीच तयार होते, आणि मूत्रपिंड खचले तरी आकडा सभ्य दिसतो. ती चिठ्ठी ज्यांनी लिहिली त्यांना मी दोष देत नाही, पण वय आणि वजन न पाहता क्रिएटिनिन वाचणे म्हणजे भाडे न विचारता खोली घेणे आहे.

या कमजोर पायावर को-ट्रायमॉक्साझोल आले. त्यातील सल्फामेथॉक्साझोल हे यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ग्लायबेनक्लामाइडचे विघटन होते त्यालाच अडवते. शिवाय ते स्वतः सल्फा कुळातील असल्याने मूत्रपिंड दुर्बळ असताना बीटा पेशींना थोडेफार चेतवूही शकते. यात एक ऐतिहासिक वर्तुळ पूर्ण होते. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये येथे मार्सेल जानबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवे सल्फा औषध वापरत असताना रुग्णांची साखर धोकादायकरीत्या उतरली. ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की स्वादुपिंड काढून टाकल्यास ही घट होत नाही. म्हणजे औषध स्वतः साखर जाळत नव्हते, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेत होते. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या या निरीक्षणातून जन्मल्या. आजींच्या पोटात त्या एकादशीला सल्फा कुळातील दोन चुलत भावंडे एकत्र आली होती.

को-ट्रायमॉक्साझोलमधल्या दुसऱ्या घटकाने, ट्रायमेथोप्रिमने, आमच्या प्रयोगशाळेचे आकडेही थोडे फिरवले. दाखल होताना क्रिएटिनिन २.४ आणि पोटॅशियम ५.६ होते, युरिया वाढलेले होते, पण क्रिएटिनिनच्या मानाने कमी. येथे ‘स्राव’ हा शब्द मूत्रपिंडाच्या आत पुन्हा भेटतो, आणि विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात. मूत्रपिंडातील केशिकागुच्छ रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. सूक्ष्म नलिका त्यातला बहुतेक भाग रक्तात परत घेतात, आणि काही पदार्थ रक्तातून उचलून उलट नलिकेत सोडतात. या शेवटच्या कृतीला नलिकीय स्रवण म्हणतात. जे गाळले गेले, त्यातून परत घेतलेले वजा केले आणि स्रवलेले मिळवले की उत्सर्जन मिळते. म्हणजे मूत्रपिंडात स्रवण हा उत्सर्जनाचा एक भाग आहे, त्याचा विरुद्ध शब्द नव्हे. क्रिएटिनिनचा काही भाग गाळण्याने आणि काही स्रवणाने बाहेर जातो. ट्रायमेथोप्रिम हे स्रवण अडवते, त्यामुळे गाळण्याची क्षमता जेवढी घटली असेल त्याहून क्रिएटिनिन जास्त वाढलेले दिसते. पोटॅशियमही नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात स्रवणानेच लघवीत जाते आणि ट्रायमेथोप्रिम तिथल्या सोडियमच्या वाटा बंद करून तेही रोखते. तेव्हा २.४ या आकड्यातला काही भाग उपास, तहान आणि जंतुसंसर्ग यांनी खरोखर दुखावलेल्या मूत्रपिंडाचा होता आणि काही भाग औषधाने निर्माण केलेला भास होता. ५.६ पोटॅशियम मात्र भास नव्हते. त्यावर ईसीजी काढून लक्ष ठेवावे लागले.

उपचार

ग्लायबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन आणि को-ट्रायमॉक्साझोल ताबडतोब बंद करण्यात आले. १० टक्के डेक्सट्रोज चालू ठेवले. सकाळी अकराला, सी-पेप्टाइडच्या अहवालाची वाट न पाहता, आम्ही ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली दिले आणि दर आठ तासांनी एकूण तीन मात्रा दिल्या. १९७३ मध्ये सापडलेले सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक इतर स्राव रोखण्याचे काम करते, पण रक्तात ते दोन-तीन मिनिटेच टिकते. ऑक्ट्रिओटाइड हे त्याचे सुमारे दीड तासाच्या अर्धायुष्याचे कृत्रिम भावंड आहे. ते बीटा पेशीला इन्सुलिन सोडू देत नाही. दोरी ओढणाऱ्याचा हात धरण्यासारखे हे आहे; नुसती साखर ओतत राहण्यापेक्षा ते अधिक योग्य होते. दुपारनंतर आजींची साखर ११० ते १५० च्या दरम्यान स्थिर राहिली आणि ४८ तास दर दोन-तीन तासांनी मोजूनही पुन्हा उतरली नाही. पहिल्या दहा मिनिटांत शुद्धीवर आलेल्या अशा रुग्णाला घरी पाठवले तर ती चूक दुसऱ्या रात्री कळते, कारण गोळीचा परिणाम एका दिवसाच्याही पुढे रेंगाळतो.

लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू सापडला आणि सेफट्रिअॅक्सोनने तो आटोक्यात आला. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.६ आणि पोटॅशियम ४.४ होते. क्रिएटिनिन १.६ म्हणजे गाळण्याची क्षमता अंदाजे २६. या पातळीला मेटफॉर्मिन पुन्हा सुरू करणे बरोबर नव्हते, कारण ते जसेच्या तसे मूत्रपिंडातूनच बाहेर जाते. साखरेसाठी लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम निवडले. ते प्रामुख्याने पित्तावाटे आतड्यातून जाते, आणि त्याने होणारा इन्सुलिनचा स्राव रक्तात साखर असेल तेव्हाच वाढतो. अटेनोलॉलचे उत्सर्जनही मूत्रपिंडावरच अवलंबून असल्याने त्याची मात्रा हळूहळू कमी करत अम्लोडिपिन सुरू केले. सहाव्या दिवशी आजी घरी गेल्या. डिस्चार्ज कार्डाच्या मागे मी हाताने मराठीत लिहिले: ‘मागील मधुमेहाची गोळी पुन्हा सुरू करू नये. लघवीच्या त्रासाला को-ट्रायमॉक्साझोल देऊ नये. कोणतेही नवीन औषध घेताना हे कार्ड दाखवावे.’

तीन आठवड्यांनी त्या ओपीडीत आल्या तेव्हा उपाशीपोटीची साखर १४२ आणि क्रिएटिनिन १.४ होते. एकही घट झालेली नव्हती. कार्तिकी एकादशीला उपवास केला तर चालेल का, हा आजींचा प्रश्न होता. भगर आणि रताळे खाऊन, दिवसभर पाणी पीत राहून करावा, असे ठरले. त्या उठल्या, पण सून खुर्चीवरच बसून राहिली. तिने पिशवीतून आजोबांची इन्सुलिनची रिकामी बाटली आणि चार वर्षांपूर्वीचा एक कागद काढला. “आईंच्या गोळीसारखंच, हे इन्सुलिनसुद्धा किडनीतून जातं का?” बाटलीतून दिलेल्या इन्सुलिनच्या निचऱ्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो, आणि मूत्रपिंड मंदावले की तोच डोस जास्त पडू लागतो, हे मी तिला सांगितले. कागदावरचे आजोबांचे क्रिएटिनिन १.५ होते. त्यानंतर ते कधीच तपासले गेले नव्हते, आणि गेल्या महिन्यात दोनदा त्यांना पहाटे दरदरून घाम फुटला होता. त्याच सकाळी त्यांच्या नावाचा केसपेपर काढला.